जगतापांची कथा आणि नारळीकरांचे नाव

मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली घेतलेल्या विज्ञानकथा-स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. पुढे उलगडा झाला तो असा, की हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने मांडून त्यांनी हे टोपणनाव सिद्ध केले होते. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रतही पत्नी मंगलाबाईंनी करून दिली होती.

ही हकीकत आपल्याकडे एक गमतीची आठवण म्हणून सांगितली जाते. मला ती एका लेखकाने वाङ्मयीन न्यायासाठी केलेला अर्ज वाटते. माझे नाव झाका आणि मग कथा वाचा, एवढीच त्या अर्जातली मागणी आहे. ती आपण स्पर्धेपुरती मान्य केली. नंतर मात्र ते नाव कधीच झाकले नाही.

नाव झाकणे सोपे नव्हते, हे खरे. १९३८ साली कोल्हापुरात जन्म, गणितज्ञ वडिलांच्या छत्राखाली वाराणसीत शिक्षण, मग केंब्रिज. तिथे फ्रेड हॉईल यांचे शिष्यत्व, १९६४ मध्ये गुरूसमवेत मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त, १९६५ मध्ये पद्मभूषण. १९७२ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, तेव्हा हे नाव घरोघरी पोचलेले होते. शास्त्रज्ञाने कथा लिहिण्यात कमीपणा नाही, हा धडाही त्यांनी गुरूकडूनच घेतला असावा. हॉईल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ मध्ये, म्हणजे नारळीकर केंब्रिजला गेले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाली होती.

या वलयामुळे त्यांच्या कथावाङ्मयावर दोन प्रकारचा अन्याय झाला. एवढा मोठा माणूस मराठीत लिहितो, म्हणून काहींनी कथा न तपासताच गौरविली. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला तेव्हापासून ‘विज्ञानकथा म्हणजे मुलांचे वाचन’ असा समज करून बसलेल्या दुसऱ्या काही जणांनी ती आदरपूर्वक बाजूला ठेवली. दोघांनीही कथा वाचली नाही, नाव वाचले. २० मे २०२५ रोजी नारळीकर निवर्तले. आता तरी तो जुना अर्ज पुन्हा विचारात घ्यायला हवा.

नाव झाकून वाचू लागलो की पहिल्यांदा उणिवाच डोळ्यांत भरतात. ‘यक्षांची देणगी’तील पात्रे बहुधा प्रमेयातल्या अक्षरांसारखी वागतात, सिद्धतेला जेवढी लागतात तेवढीच ती बोलतात. एक पात्र विचारते ते दुसऱ्याने समजावून सांगावे म्हणून. संशय, मत्सर, वासना यांचा वावर या जगात फार थोडा. शेवटी कोड्याचे उत्तर यायचे, ते फळ्यावरच्या उत्तरासारखे येते. गाडगीळ-गोखल्यांच्या कथेवर ज्याची अभिरुची पोसली आहे, त्याला हे गद्य कोरडे वाटले तर त्याला दोष देता येत नाही.

पण याच कोरडेपणाला दुसरी बाजू आहे. नारळीकर अद्भुताला सजवीत नाहीत. ते त्याला आपल्या ओसरीवर आणून बसवितात. ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये मोबियसच्या पट्टीची भूमिती येते, ती क्रिकेटचा सामना आणि गणपतीची मूर्ती यांच्या सोबतीने. डाव्याचे उजवे होणे म्हणजे काय, हे सांगायला मराठी घरात याहून बोलका दाखला कुठला सापडणार? ‘हिमप्रलय’मध्ये बर्फ पडते ते मुंबईत; आणि कथेतला खरा गारठा बर्फाचा नाही, वेळीच दिलेल्या इशाऱ्याकडे जाणत्यांनी केलेल्या दुर्लक्षाचा आहे. हवामानाच्या आजच्या चर्चा ऐकताना ही कथा शिळी वाटत नाही.

आणि मग ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. १४ जानेवारी १७६१ ही तारीख मराठी मनात अजून ठसठसते. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, हा प्रश्न आपण पिढ्यान्‌पिढ्या उसासे टाकीत विचारीत आलो. इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जातात, जिथे ती गोळी खरोखरच चाटून गेली आहे आणि मराठे जिंकले आहेत. एखाद्या सामान्य लेखकाने इथे विजयाचे नगारे वाजविले असते. नारळीकर काय करतात? ते आपल्या नायकाला त्या विजयी जगात परका ठरवितात. मुंबईत पंत मुलाच्या कचेरीत चौकशी करतात, तर तिथे त्या नावाचा कोणी नाही. पूर्वजांची लढाई जिंकली गेली. स्वतःचा मुलगा हरवला. इतिहास बदलायचा म्हणजे आपल्या जिवलगांचे असणेही पणाला लावायचे, हे इतक्या कमी शब्दांत आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनीही क्वचितच सांगितले असेल.

इथेच नारळीकरांचे सामर्थ्य आणि मर्यादा एकमेकींना भिडतात. मुलगा नाही, या वाक्यापाशी कथेने क्षणभर थांबायला हवे होते. ती थांबत नाही. पंत ग्रंथालयात बखर चाळायला जातात, कारण लेखकाला कारण शोधायचे आहे. अखेरीस पुंजवादाच्या आधाराने सगळ्याची उपपत्ती लावली जाते. मला त्या उपपत्तीपेक्षा पंतांच्या खिशात उरलेले बखरीचे फाटके पान अधिक बोलके वाटते. उपपत्ती पटते; पान मात्र मनात राहते.

त्याच कथेत आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते, म्हणून पंत सवयीने तिच्यावर जाऊन बसतात. आणि अध्यक्षीय भाषणांना कंटाळलेले श्रोते त्यांची दुर्दशा करतात. २०२१ मध्ये नाशिकच्या ९४व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, तेव्हा प्रकृतीमुळे ते तेथे जाऊ शकले नाहीत. हा केवळ योगायोग. पण साहित्यातील मोठेपण खुर्चीवर अवलंबून नसते, हे या लेखकाला फार आधी कळले होते, असे म्हणायला हरकत नाही.

तेव्हा निवाडा काय? नारळीकरांच्या सगळ्या कथा वाङ्मय म्हणून टिकणार नाहीत; बऱ्याचशा चांगल्या शिक्षकाच्या गोष्टी म्हणून राहतील, आणि तेही काही थोडे नाही. परंतु पानिपताची ती एक कथा मराठी कथेच्या कोणत्याही साक्षेपी संग्रहात असायला हवी. ‘विज्ञान’ या वेगळ्या कप्प्यात नव्हे, इतर कथांच्या पंगतीत. खाली लेखक म्हणून ना. वि. जगताप एवढेच छापले, तरी तिचे काही बिघडणार नाही.