जीवनावस्थांचा क्रम आणि चरित्राचे वाचन : विनोबा भावे व चिंतामणराव देशमुख यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
शैशवापासून वार्धक्यापर्यंतच्या मानवी आयुष्याची टप्प्यांत विभागणी करण्याची परंपरा प्राचीन आहे. आश्रमव्यवस्थेने आयुष्याचे चार भाग कल्पिले. आधुनिक मानसशास्त्रात एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये आठ अवस्थांची मांडणी केली. दोन्ही विचारांत अवस्थांचा एक ठराविक क्रम गृहीत आहे. चरित्र-आत्मचरित्राचे वाचनही बहुधा याच क्रमाने होते. हा क्रम प्रत्यक्ष आयुष्याला कितपत लागू पडतो, याचा विचार पेण व रोहा परिसराशी नाते असलेल्या दोन समकालीनांच्या आधारे येथे केला आहे.

आचार्य विनोबा भावे यांचा जन्म पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी झाला. चिंतामणराव देशमुख १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते येथे जन्मले आणि त्यांचे बालपण रोह्यात गेले. देशमुख २ ऑक्टोबर १९८२ रोजी, तर विनोबा त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला निवर्तले. विनोबांना १९५८ मध्ये आणि देशमुखांना १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला. कालखंड जवळजवळ एकच असूनही दोघांच्या जीवनावस्थांची रचना मात्र सर्वस्वी भिन्न आहे.

बाल्य :
बाल्य ही अवस्था साहित्यात नेहमी प्रौढ स्मृतीतून अवतरते. विनोबांनी स्वतः आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांच्या प्रवचनांतून व संभाषणांतून कालिंदीताईंनी ‘अहिंसा की तलाश’ हे संकलन सिद्ध केले. त्यामुळे त्यातील घटनांची निवड आणि क्रम संकलनकर्तीचा आहे, याचे भान वाचकाने ठेवणे अगत्याचे ठरते. गागोद्याच्या आठवणींत आजोबांची पूजा आणि आई रुक्मिणीबाईंचे संस्कार यांना महत्त्वाचे स्थान आहे. गणेशमूर्तीचे श्रद्धेने आवाहन करावे आणि ठरल्या दिवशी तिचे विसर्जनही करावे, हा अनुभव त्या घरात बालवयातच मिळत असे. मूर्तिकलेसाठी प्रसिद्ध असलेल्या पेण परिसरात ही आठवण अधिकच अर्थपूर्ण वाटते. मात्र विनोबांच्या पुढील अनासक्तीचे बीज तिच्यात शोधणे म्हणजे वार्धक्याच्या प्रकाशात शैशव वाचणे होय. असे वाचन मोहक असले तरी त्याला पुरावा मानता येणार नाही.

तारुण्य व प्रौढत्व :
१९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा सुरतेस उतरले आणि काशीला गेले. गृहस्थाश्रम त्यांनी पूर्णतः ओलांडला. देशमुखांचा प्रवास वरकरणी क्रमबद्ध दिसतो : केंब्रिज, आय.सी.एस., १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री. तथापि, पहिल्या पत्नी रोझिना यांच्या निधनानंतर १९५३ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. केस पिकले आणि नातवंड दिसले की वनाची वाट धरावी, असे मनुस्मृती सांगते. देशमुखांचे गृहस्थजीवन मात्र त्या वयात नव्याने सुरू झाले.

दुर्गाबाईंच्या आयुष्यात तर हा क्रम अधिकच विस्कटतो. आठव्या वर्षी झालेला विवाह त्यांनी मोठेपणी नाकारला. पुढे शिक्षण, स्वातंत्र्यलढा आणि संविधान सभेचे सदस्यत्व अशी वाटचाल करून त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांनी स्वेच्छेने विवाह केला. ‘चिंतामण अँड आय’ (१९८०) हे त्यांचे पुस्तक म्हणूनच देशमुखांच्या आत्मकथनाची केवळ पुरवणी ठरत नाही. चार आश्रमांची चौकट पुरुषाचे आयुष्य समोर ठेवून आखली गेली, ही तिची मर्यादा या आयुष्यामुळे उघड होते.

वार्धक्य :
१९५१ ते १९६४ या काळात, म्हणजे पंचावन्न ते अडुसष्ट या वयात, विनोबांनी भूदानासाठी देशभर पदयात्रा केली. १९७० मध्ये त्यांनी पवनार येथे क्षेत्रसंन्यास घेतला. देशमुखांनी १९६९ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविली. एकाने निवृत्ती निवडली, दुसऱ्याने सार्वजनिक स्पर्धा. परंतु निवृत्तीमुळे सार्वजनिक उत्तरदायित्व संपत नाही. आणीबाणीच्या काळातील विनोबांच्या भूमिकेवर झालेली टीका याची साक्ष देते. संन्यस्त अवस्थेबद्दलचा आदर या टीकेच्या विचारात आड येऊ नये.

अखेरच्या दिवसांत विनोबांनी अन्न व औषध नाकारून मृत्यू स्वीकारला. देशमुखांचे ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे १९८१ मधील दुर्गाबाईंचे निधन आणि त्यानंतरचे एकाकीपण त्यात येणे शक्यच नव्हते. आत्मचरित्रात आरंभ इतरांकडून ऐकलेला असतो आणि अंत अलिखित राहतो. समीक्षकाने या दोन्ही रिकाम्या जागा मान्य केल्या पाहिजेत.

निष्कर्ष :
१. जीवनावस्था वयाने सुचविल्या जातात, पण त्यांचा क्रम निवड, वियोग आणि सामाजिक परिस्थिती यांनी घडतो.
२. चरित्रातील बाल्य हे उत्तरायुष्याचे भाकीत म्हणून वाचू नये.
३. वार्धक्य हा केवळ उपसंहार नव्हे. विनोबांची पदयात्रा आणि देशमुखांचे नवे सहजीवन पन्नाशीनंतरचे आहे. म्हणून साठीनंतरचे आयुष्य दोन परिच्छेदांत आटोपणारे चरित्रलेखन अपुरे ठरते, आणि वृद्धांकडे निवृत्त म्हणूनच पाहणारा समाजही तीच चूक करतो.