चार माणसांचे गाणे

गेल्या श्रावणात पुण्याहून भाचीचे पत्र आले. हल्ली पत्रे टपालाने येत नाहीत, फोनवर येतात. पण मजकूर चांगला दीड पानाचा होता, म्हणून मी त्याला पत्रच म्हणतो. तिने पहिल्या पगारातून तबकड्यांचा फोनो घेतला आहे. बीथोवनच्या सिम्फनी झाल्या, भीमसेन जोशींच्या तबकड्या झाल्या, वडिलांच्या पेटीतल्या जुन्या नाट्यगीतांच्याही झाल्या. "मामा, आता चेंबर म्युझिकच्या चार-सहा चांगल्या तबकड्या सांग. संग्रह वाढतो आहे, पण वेडावाकडा वाढतो आहे." दिवाळीला ती फोनोसकट पोहरादेवीला येणार आहे. तेव्हा तिला द्यायचे उत्तर वाचकांसमोरच देऊन टाकतो. फराळानंतर घरात माणसे जमली की काय वाजवावे हा प्रश्न काही तिच्या एकटीचा नाही.

चेंबर म्हणजे खोली. सभागृहासाठी नव्हे, तर दिवाणखान्यासाठी रचलेले, दोन-तीन-चार-पाच वादकांचे, काठी हलवणाऱ्या निर्देशकावाचून चालणारे संगीत, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. हे कळल्यावर मराठी माणसाला हसू यायला हवे. कारण आपले सारे अभिजात गाणे खोलीतलेच! दोन तंबोरे, एक सारंगी किंवा पेटी, तबला आणि गाणारा. समोर सतरंजीवर पंधरा-वीस माणसे. आपल्याकडे खोलीबाहेरचे गाणे नंतर आले, ध्वनिक्षेपकाबरोबर. म्हणून भाचीला माझी पहिली सूचना अशी की, 'चेंबर म्युझिक' असा वेगळा विलायती कप्पा करूच नये. बैठक हाच कप्पा करावा आणि त्यात शूबर्ट व अब्दुल करीमखाँ शेजारी शेजारी ठेवावेत. त्यांचे पटेल.

सुरुवात शूबर्टपासून करायची, पण गंभीर शूबर्टपासून नव्हे. 1819 साली, बाविसाव्या वर्षी, त्याने 'ट्राउट' नावाचे पंचक लिहिले. ऑस्ट्रियातल्या श्टायर गावी एक हौशी चेलोवादक गृहस्थ होते. आपल्या घरी वाजवायला काही तरी द्या आणि त्यात तुमच्या त्या माशाच्या गाण्याची चाल घाला, असा त्यांचा आग्रह. चौथ्या भागात ती चाल येते आणि पाच वाद्ये आळीपाळीने तिला सजवतात. बंदिशीचा मुखडा धरून केलेला विस्तार ज्याने ऐकला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. एमिल गिलेल्स पियानोवर आणि अमाडेउस चतुष्कातील वादक साथीला, अशी 1975 सालची मुद्रिका घ्यावी. गिलेल्सचा हात पोलादी म्हणून प्रसिद्ध; इथे तो पाहुण्यासारखा पायरीवर चपला काढून आत आला आहे.

त्याच शूबर्टचे दुसरे पंचक, सी मेजरमधले, 1828 सालचे. ते लिहिल्यावर काही आठवड्यांतच, एकतिसाव्या वर्षी, तो गेला. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि दोन चेलो. दुसऱ्या भागात मधली वाद्ये इतकी संथ चालतात की लय थांबली की काय असे वाटते, आणि वरून एक व्हायोलिन तुटक बोलत राहते, खालून चेलो तार छेडून त्याला हुंकार देत असतो. आपला अतिविलंबित ख्याल ऐकण्याची सवय असलेल्या कानाला हे परके वाटत नाही. उलट, विलायती श्रोत्यांपेक्षा आपल्याला ही संथ लय अधिक झेपते असा माझा अनुभव आहे. मुद्रिका 1952 सालची, प्रादच्या उत्सवातली, पाब्लो कासाल्स आणि पॉल टॉर्टेलिए यांच्या चेलोंची घ्यावी. ध्वनी जुना आहे, आणि कासाल्स वाजवता वाजवता मधूनच कण्हतो. याहून सुबक मुद्रिका पुष्कळ निघाल्या. पण ज्या बैठकीत कोणी कण्हत नाही तिथे काय होते आहे याची मला शंकाच येते.

आता घरच्या तबकड्या. अब्दुल करीमखाँ 1937 साली गेले. त्यांच्या तबकड्या लाखेच्या, जेमतेम सव्वातीन मिनिटांच्या. पुढे त्या लाँग प्लेवर एकत्र निघाल्या. झिंझोटीतील 'पिया बिन नहीं आवत चैन' ऐकून भाची म्हणेल, एवढ्यात संपले? होय, संपले. पण काही राहिले असे वाटते का ते पाहावे. तीन मिनिटांच्या अटीत बहुतेक गवय्यांनी ख्याल कापून भरला; पहिल्या मिनिटात अस्ताई, दुसऱ्यात अंतरा आणि शेवटी तानांची धावपळ, जणू गाडी सुटते आहे. खाँसाहेबांनी कापाकापी केली नाही. ज्या चीजेला तीन मिनिटे पुरतात ती तीन मिनिटे गायिली. लहान खोलीचे गाणे म्हणजे लहान आवाजाचे गाणे नव्हे, खोलीचे माप ओळखून केलेले गाणे, हे त्या तबकडीवरून जितके कळते तितके दहा लेखांवरून कळणार नाही. या लेखावरूनही नाही.

केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात गेली, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्याच वर्षी, दुसरे यान सुटल्यावर दहा-अकरा दिवसांनी, बाई गेल्या. तबकडी घ्यावीच, पण अवकाशासाठी नव्हे. तो आवाज छातीतून निघून सरळ भिंतीला लागतो आणि भिंत आहे तोवर परत येतो. मोकळ्या अवकाशात तो परत कसा येणार, याची मला नेहमी चिंता वाटते.

सायंकाळी दिवे लागणीला एकच तबकडी लावायची असेल तर अमीरखाँचा मारवा. 1960 सालची ही लाँग प्ले. मागल्या बाजूला दरबारी. मारव्यात पंचम नाही, आणि षड्ज असून हाती लागत नाही. ऐकणाऱ्याला घरी पोहोचायचे असते आणि खाँसाहेब ओसरीवरच थांबवून धरतात. तबकडीची एक बाजू उलटते तोवर स्वयंपाकघरातली भांडी वाजेनाशी होतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

आणि एक तबकडी अशी, जिच्यावर जाणकार नाक मुरडतात: 1967 सालची 'कॉल ऑफ द व्हॅली'. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, माणिकराव पोपटकरांचा तबला. काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून पहाडीपर्यंत. राग लहान लहान, रंग गोड. म्हणून ही 'चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासारखी' असा आक्षेप. तो अगदीच खोटा नाही. परंतु कोण कोणाचे ऐकतो आहे ते पाहा. संतुरावर काठीने आघात करायचा, तिथे मींड निघत नाही. ती गिटार काढते. आघात विरून जातो तिथे बासरीचा श्वास पुढे येतो. एकाचे उणे दुसऱ्याने भरून काढायचे, आणि भरून काढले असे दाखवायचे नाही! युरोपातल्या चतुष्काचा जीव याच्यातच आहे. जुगलबंदी पुष्कळ निघाल्या. त्यांतल्या अनेकींत दोन थोर माणसे एकमेकांना हरवण्यात रमलेली दिसतात. ही तबकडी तशी नाही. ती सिद्ध करण्यामागे जी. एन. जोशी होते, 'रानारानात गेली बाई शीळ' गाणारे. आणि ते गीत लिहिणारे ना. घ. देशपांडे आमच्या शेजारच्या जिल्ह्यातले, मेहकरचे. म्हणजे ही दरी काश्मीरची असली तरी तिच्यात थोडी वऱ्हाडची शीळ आहे, असे म्हणायचा हक्क मी घेतो.

इथवर सहा तबकड्या झाल्या. सातवी बाजारात मिळायची नाही.

पोहरादेवी म्हटले की लोकांना नंगारा आठवतो. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे; रामनवमीला दूरदूरच्या तांड्यांवरून माणसे येतात; 2024 च्या ऑक्टोबरात बंजारा विरासत संग्रहालय उघडले, तेही नंगाऱ्याच्याच आकाराचे. नंगारा हे मैदानाचे वाद्य, त्याला खोली पुरत नाही. पण तांड्यात दुसरे एक गाणे आहे, ढावलो. लग्नानंतर सासरी निघालेली मुलगी आईच्या, काकीच्या, मैत्रिणीच्या गळ्यात पडून ते गाते. ते रडणे आहे आणि त्याला चालही आहे. साथीला वाद्य नाही. एकीचा स्वर खाली आला की दुसरी उचलते. ऐकणाऱ्या त्याच, गाणाऱ्याही त्याच. याहून शुद्ध बैठक मी ऐकलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या तांड्यातल्या एका आजींना मी विनंती केली की ढावलो म्हणा, मी फोनवर उतरवून घेतो. त्या तयार झाल्या. ओसरीवर बसल्या, पदर सारखा केला, दोन ओळी म्हणून थांबल्या. म्हणाल्या, "मास्तर, कोणी जात नाही तर कोणासाठी म्हणू?" मी फोन खिशात ठेवला. मग चहा झाला आणि विषय कापसाच्या भावाकडे गेला. पुढे त्यांच्या नातीच्या लग्नात मी हजर होतो. फोन खिशातच होता, काढवला नाही. बरोबर केले की चूक, हे मला अजून सांगता येत नाही. आजी यंदाच्या उन्हाळ्यात गेल्या. त्यांची चाल नातीला येते, पण नात आता नाशिकला असते आणि तिथल्या घराला ओसरी नाही.

भाचीला मी कळवले आहे की सहा तबकड्या तुझ्या तू घे; सातव्या जागी तूर्त रिकामे पाकीट ठेव. येताना सुई नवी आण. इथली धूळ तुला ठाऊक आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फटाके थांबले की मारवा लावू. नातही माहेरी येणार आहे, आणि तिलाही बोलावले आहे; फोन मात्र तिने सांगितल्यावाचून कोणी काढायचा नाही.