एका पायावरची परीक्षा

घोटा मुरगळला की आपल्याकडे आधी सूज बघतात, मग विचारतात, "पाय टेकतोय ना?" खो-खो खेळताना माझा उजवा घोटा दोनदा मुरगळला. दुसऱ्यांदा तर सपाट जमिनीवर, सूज उतरून पाय नीट टेकत असताना. त्या सपाट जमिनीचं कोडं मला पुढे एका जुन्या शोधनिबंधापर्यंत घेऊन गेलं.

लंडनचे अस्थिशल्यविशारद फ्रीमन यांनी दोन सहकाऱ्यांसह तो १९६५ साली प्रसिद्ध केला. अस्थिबंध म्हणजे हाडं बांधणारी नुसती दोरी नव्हे. सांधा कुठे, किती वळला याची खबर देणारे मज्जातंतूही त्यात असतात. दुखापतीत तेही तुटतात. दोरी सांधली जाते, खबर मात्र अर्धवटच पोचते, हा त्यांचा सिद्धान्त. रुग्णांना त्यांनी एका पायावर उभं केलं, डोळे उघडे ठेवून आणि मिटून. डगमगत्या फळीवर तोल साधण्याचा व्यायाम केलेल्यांचा घोटा पुढे कमी वेळा दगा देऊ लागला.

हा निबंध मला अजून आवडतो, पण त्याच्या युक्तिवादात एक उडी आहे. औषध लागू पडलं म्हणून निदान बरोबर, असं होत नाही. १९९३ मध्ये डॅनिश संशोधकांनी निरोगी माणसांचा घोटा नि पाऊल भूल देऊन बधिर केलं. दुसऱ्याने घोटा वळवला तर तो किती वळला हे त्यांना नीट सांगता येईना. तरी एका पायावर ते पूर्वीसारखेच उभे राहिले! म्हणजे तोल एकट्या अस्थिबंधावर अवलंबून नाही. शिवाय एक घोटा दुखावल्यावर काहींचा धडधाकट पायही डळमळतो. खबर एका घोट्यातच तुटली असती, तर दुसऱ्या पायाला त्याचं काय? बिघाडाचा काही भाग वर, मेंदूने स्नायूंना आधीच तयार ठेवण्यात, असला पाहिजे. पाऊल वेडंवाकडं पडल्यावर स्नायू जागे होईस्तोवर घोटा बहुधा वळून गेलेला असतो.

माझी खरी तक्रार पुढच्या अभ्यासांबद्दल आहे. त्यांतले पुष्कळसे आधीच जखमी झालेल्यांची निरोग्यांशी तुलना करतात. मग तोल गेला म्हणून घोटा गेला, की घोटा गेला म्हणून तोल? १९८४ साली स्वीडनमध्ये ट्रॉप आणि सहकाऱ्यांनी फुटबॉलपटूंचा तोल आधीच मोजून ठेवला. जास्त झुलणाऱ्यांना पुढे दुखापतीही जास्त झाल्या. असं वाट पाहणारं संशोधन मला अधिक पटतं. मात्र तिथेही खेळाडू स्थिर उभा आहे, आणि घोटा मुरगळतो तो उडी मारून उतरताना, वळताना. (लंगडी घालणारी पोरं याहून कठीण परीक्षा रोज देतात.)

हे लिहिताना मी डोळे मिटून उभा राहून पाहिलं. डाव्या पायावर तीसपर्यंत मोजलं. उजव्यावर अकरालाच हात टेबलाकडे गेला. सूज उतरून चोवीस वर्षं झाली आहेत.