अपेक्षा आणि अभंग

ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. अभंगाची साथ मात्र सोडली नाही. हा छंदःस्वीकार केवळ प्रचाराची सोय मानणे अपुरे आहे. तुकारामांच्या अभंगातील आर्तता न घडलेल्या भेटीची आहे. तेथे भक्त देवाशी भांडू शकतो. ख्रिस्ती प्रार्थनेत वचन आधीच मिळालेले असते : मार्ककृत शुभवर्तमानात येशू, मागितलेले मिळालेच आहे असा विश्वास धरावयास सांगतो. मग आर्ततेला जागा कोणती? उत्तर त्याच शुभवर्तमानातील गेथशेमाने बागेत आहे. तेथे येशूची स्वतःची मागणी मान्य होत नाही, तरी पित्यावरील विश्वास ढळत नाही. म्हणजे अपेक्षा वस्तूची नव्हे, पित्याची असते; येथेच प्रार्थना नवसापासून वेगळी होते. टिळकांच्या रचनेत जेथे खात्री घाईने येते तेथे उपदेश उरतो; जेथे वाट पाहणे टिकते तेथे अभंग उभा राहतो. या श्रद्धेची साक्ष त्यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून पत्करलेल्या संन्यस्त वृत्तीत शोधता येईल. समीक्षेला मात्र तिची प्रचीती अभंगातच यावी लागते.