सहा टक्क्यांचा प्रश्न : ऑन्टारिओतील शिक्षकसंघ आणि स्त्रियांचे कार्यक्रम

ज्या संघटनेत स्त्रियांचे बहुमत आहे, तिला स्त्रियांसाठी वेगळे कार्यक्रम चालविण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न वरवर पाहता निरुत्तर करणारा वाटतो. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या प्राथमिक शिक्षकसंघात पाच सभासदांपैकी सुमारे चार स्त्रिया आहेत. तरीही या संघाने आपल्या वार्षिक अंदाजपत्रकाचा ६ टक्के भाग केवळ स्त्रियांच्या कार्यक्रमांसाठी राखून ठेवण्याचे धोरण स्वीकारले. या तरतुदीचे मूल्यमापन तिच्या पूर्वेतिहासावाचून करता येत नाही.

टोरोंटोतील शिक्षिकांनी १८८५ मध्येच आपली स्वतंत्र संस्था काढली होती. १९१८ मध्ये अशा स्थानिक संस्था एकत्र येऊन शिक्षिकांचा प्रांतिक महासंघ स्थापन झाला. पुरुष शिक्षकांची संघटना त्यानंतर निघाली. १९४४ च्या कायद्याने शिक्षकसंघाचे सभासदत्व सक्तीचे झाले आणि सार्वजनिक प्राथमिक शाळांतील प्रत्येक शिक्षिका शिक्षिकांच्या महासंघाची सभासद ठरली. अध्यक्षपद, कोशागार, वेतनाच्या वाटाघाटी ही सर्व कामे स्त्रियांनाच करावी लागत; त्यामुळे नेतृत्वाचे शिक्षण हा वेगळा उपक्रम न राहता नित्याच्या कामाचाच भाग बनला. समान वेतन आणि विवाहित शिक्षिकेचा नोकरीवरील हक्क हे प्रश्न तेथे 'स्त्रियांचे प्रश्न' म्हणून बाजूला काढले जात नसत; तेच संघटनेचे मुख्य कार्य होते.

या व्यवस्थेचा दोषही तितकाच उघड होता. कोणत्या संघात जावे हे व्यक्तीच्या इच्छेवर नव्हे, तर तिच्या लिंगावर ठरे. एका शिक्षिकेने यास न्यायालयात आव्हान दिले. सनदेच्या आधारे केलेला तो दावा फसला; परंतु मानवी हक्क संहितेखालील चौकशी मंडळाने १९९४ मध्ये हा नियम भेदभावाचा ठरविला. पुढे १ जुलै १९९८ रोजी दोन्ही संघटनांचे विलीनीकरण होऊन आजचा संघ अस्तित्वात आला. सहा टक्क्यांची तरतूद ही या तडजोडीचे अपत्य होय. सक्ती गेली, तिच्या आश्रयाने जे साधले होते ते टिकावे, ही त्यामागील अपेक्षा.

ही अपेक्षा कितपत सफल झाली? तरतुदीच्या बाजूने बरेच म्हणता येते. सहा टक्के हा सभासदसंख्येच्या प्रमाणातील वाटा मानला तर तो हास्यास्पद ठरेल. पूर्वतयारीचा खर्च मानला तरच तो समर्थनीय ठरतो. शिवाय 'स्त्री' हा एकजिनसी वर्ग नाही, याची जाणीव संघाने दाखविली. कृष्णवर्णीय व अन्य वांशिक गटांतील, आदिवासी आणि अपंग शिक्षिकांसाठी नेतृत्वप्रशिक्षणाचा स्वतंत्र वर्ग काढणे, हे जुन्या महासंघाच्या पुढचे पाऊल आहे.

तथापि, एक वस्तुस्थिती विचारात घ्यावीच लागते. २००९ ते २०२१ अशी बारा वर्षे या संघाचे अध्यक्षपद सॅम हॅमंड या एकाच पुरुषाकडे होते. निवडणूक रीतसर होती. मतदारांत स्त्रियांचे बहुमत होते. यावरून मतदारांना दोष देणे अनाठायी आहे, आणि अध्यक्षपद हेच सत्तेचे एकमेव माप आहे असेही नाही. २०२१ मध्ये कॅरन ब्राउन या कृष्णवर्णीय शिक्षिका अध्यक्षपदी निवडून आल्या, हेही नोंदविले पाहिजे. परंतु संख्याबळ आपोआप सत्तेत उतरत नाही आणि राखीव निधीनेही ते निश्चितपणे उतरत नाही, एवढे यावरून सिद्ध होते.

येथेच या तरतुदीची खरी मर्यादा दिसते. जुन्या महासंघात समतेचा विचार वाटाघाटींच्या मेजावर होता. नव्या संघात त्याला स्वतःचा विभाग, स्वतःचा निधी आणि स्वतःची संमेलने मिळाली. विभाग मिळणे हा सन्मान खरा. पण ज्या विषयाला विभाग मिळतो त्याच्यापासून इतर विभाग मोकळे होण्याचा धोकाही त्यात असतो. उरलेले ९४ टक्के कोणाच्या प्रश्नांवर, कोणाच्या निर्णयाने खर्च होतात, हा प्रश्न सहा टक्क्यांच्या समाधानात झाकला जाऊ शकतो. म्हणून अशा संघटनांचा अभ्यास करताना कार्यक्रमांची यादी मोजणे पुरेसे नाही. प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया पुढे वाटाघाटींत, अंदाजपत्रकात आणि घटनादुरुस्तीत कोठे बसल्या, हे तपासले पाहिजे. सहा टक्क्यांचे यश अखेर उरलेल्या ९४ टक्क्यांतच मोजावे लागेल.