गुरूचं मडकंही भाजावं लागतं



मुष्टियुद्धाच्या चित्रपटाचं आपल्या मासिकात काय काम, असं काही माउली विचारतील. पण कंसाच्या आखाड्यात चाणूर-मुष्टिकांशी रामकृष्ण झुंजले, ती कथा आपण कीर्तनात रंगवून सांगतोच. आणि राकेश ओमप्रकाश मेहरा यांच्या 'तूफान' (२०२१) या हिंदी चित्रपटात ठोसे पुष्कळ असले, तरी त्याचा खरा विषय गुरु-शिष्य हाच आहे.

डोंगरीतला अनाथ अजीज अली गुंडाच्या हाताखाली वसुली करतो. फरहान अख्तर यांनी ही भूमिका केली आहे. पुढे तो नाना प्रभूंकडे मुष्टियुद्ध शिकायला येतो. नाना झाले आहेत परेश रावल. नानांची पत्नी बॉम्बस्फोटात गेलेली. तेव्हापासून मुसलमान म्हटलं की त्यांच्या मनात अढी. तरी पोराच्या अंगातलं कसब पाहून ते त्याला घडवतात. आपल्याच मुलीचं, डॉक्टर अनन्याचं, त्याच्यावर प्रेम आहे हे कळतं, तेव्हा मात्र हाच गुरू दार लावून घेतो. शिष्य आखाड्यात चालला, घरात चालला नाही.

इथे मला गोरोबाकाका आठवले. संतमेळ्यात त्यांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं आणि नामदेवरायांचं मडकं कच्चं ठरवलं. ही कथा आपण नेहमी शिष्याची परीक्षा म्हणून सांगतो. पण नामदेव ज्यांच्याकडे गेले, ते विसोबा खेचर आधी कोण होते? ज्ञानदेवादी भावंडांचा छळ करणारे, मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळू न देणारे! ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजलेले पाहिले, तेव्हा त्यांचा ताठा गळाला. द्वेष करणारा आधी लेकरांपुढे वाकला आणि मगच नामदेवांचा गुरू झाला.

नानांचंही तसंच आहे. विद्या पक्की, मडकं कच्चं. परेश रावल यांचं मोठेपण हे, की त्यांनी नानांना खलनायक होऊ दिलं नाही. त्यांचं दुःख खरं वाटतं, म्हणून त्यांचा द्वेष अधिक बोचतो. मोहन आगाशे यांनी केलेला मित्र त्यांना वारंवार टोकतो, तेही प्रसंग उत्तम उतरले आहेत.

उणं कुठे पडलं? अनन्या रेल्वेपुलावरच्या चेंगराचेंगरीत जाते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर वीसहून अधिक माणसं गेली. वसई-विरारहून रोज त्याच मार्गाने जाणाऱ्या आपल्या लोकांना हा प्रसंग पाहवणार नाही. पण एवढ्या मोठ्या मरणाचा उपयोग कथेने नानांचं मन वळवायला केला. मुलगी गेली, नात समोर आली, तेव्हा नाना विरघळले. ती जिवंत असताना त्यांनी दार उघडलं असतं, तर ती खरी गुरुकृपा दिसली असती. अडीच तासांहून लांब चित्रपटात शेवटच्या लढतीला भरपूर वेळ आहे, नानांच्या पश्चात्तापाला मात्र थोडाच.

तरीही चित्रपट पाहावा, कारण त्यातला प्रश्न आपल्याला सोडत नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद आपल्या संतमालिकेत आहेत. वारीत आपण जात न विचारता एकमेकांच्या पाया पडतो. विरार लोकलच्या भजनात शेजारचा टाळ कोणाच्या हातात आहे, हे कोणी विचारत नाही. पण तोच टाळकरी उद्या सोयरीक घेऊन दारात उभा राहिला तर? नानांना हसण्याआधी प्रत्येकाने आपल्या डोक्यावर थापटणं वाजवून घ्यावं. ज्याच्या पायाशी चार पोरं बसून मृदंग किंवा अभंगाची चाल शिकतात, त्याने तर आधी.