लमाणाची चोपडी : डॉ. श्रीराम लागू यांचे लेखन आणि नटाच्या मालकीचा प्रश्न

सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या सान्निध्यात वसलेले महाड हे जुन्या काळी कोकणातील एक महत्त्वाचे व्यापारी ठाणे होते. भरतीच्या पाण्याबरोबर खाडीतून आलेला माल येथे उतरे आणि बैलांच्या पाठीवरून देशावर जाई. एक वाट वरंध घाटाने भोरकडे चढे. दुसरी पोलादपुरावरून पार घाटाने महाबळेश्वर, वाई आणि साताऱ्याकडे. मीठ वर जाई, धान्य खाली येई. गाडीरस्ते होण्यापूर्वी घाटवाटांवरची अशी ने-आण लमाणांच्या आणि वंजाऱ्यांच्या तांड्यांवर अवलंबून असे. या वाटेच्या दुसऱ्या टोकाला, साताऱ्यात, १६ नोव्हेंबर १९२७ रोजी जन्मलेल्या एका नटाने आपल्या आत्मचरित्राला 'लमाण' हे नाव द्यावे, हा भूगोलाचा योगायोग आहे. त्याला कारणाचे मोल देण्याची गरज नाही. परंतु रूपकाची परीक्षा करायची, तर ज्या व्यवहारातून ते उचलले गेले त्या व्यवहाराकडे आधी पाहणे आवश्यक ठरते.

डॉ. श्रीराम लागू (१९२७–२०१९) यांचे 'लमाण' २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. नट हा नाटककाराचा माल प्रेक्षकांपर्यंत नेऊन पोचवणारा लमाण होय, असा या शीर्षकाचा अर्थ स्वतः लेखकाने लावला आहे. मराठी वाचकाने तो विनयाचा उद्गार म्हणून स्वीकारला आणि समीक्षेनेही तो फारसा तपासला नाही. नटाचे आत्मचरित्र म्हणजे आठवणींचे पुस्तक, रंगभूमीच्या इतिहासाला पूरक सामग्री, अशी आपल्याकडील रूढ समजूत आहे. त्यामुळे अशा पुस्तकातून तपशील उचलले जातात, पण त्यातील विचारव्यूहाची दखल घेतली जात नाही. 'लमाण' आणि त्याच्या आगेमागे असलेले लागूंचे लेखन ही अभिनयाविषयीची एक सैद्धांतिक मांडणी आहे, आणि ती मांडणी शीर्षकातील रूपकाशी पूर्णपणे जुळत नाही, असे येथे दाखवायचे आहे.

शीर्षकाचे वेगळेपण तुलनेने स्पष्ट होते. चिंतामणराव कोल्हटकर यांचे 'बहुरूपी' १९५७ मध्ये आले आणि १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. कोल्हटकर हे मास्टर दीनानाथांसमवेत १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी उभी करणारे कंपनीयुगातील नट होते. त्यांच्या शीर्षकातील नट रूपे घेतो. त्याची सत्ता देहाच्या पालटात आहे आणि त्या रूपांचा धनी तोच आहे. हंसा वाडकर यांच्या १९७० मधील 'सांगत्ये ऐका'मध्ये निवेदन बोलीतून उतरले आहे आणि तिथे प्रश्न रूपाचा नसून ते रूप पोसणाऱ्या जगण्याच्या किमतीचा आहे. 'लमाण'पर्यंत येताना नटाकडे रूपही उरलेले नाही. त्याच्या पाठीवर केवळ गोणी आहे. हा बदल व्यक्तिगत स्वभावाचा नव्हे. १९६० नंतरची मराठी रंगभूमी ही प्रामुख्याने नाटककारांची रंगभूमी झाली. कानेटकर, तेंडुलकर, शिरवाडकर, एलकुंचवार यांच्या संहितांभोवती तिचे मूल्यमापन होऊ लागले. 'बहुरूपी' हे नटकेंद्री रंगभूमीचे आणि 'लमाण' हे संहिताकेंद्री रंगभूमीचे आत्मभान आहे.

मात्र इतिहासातील लमाण हा नुसता भारवाही नव्हता. बंजारा तांडे स्वतः धान्य विकत घेत, स्वतः विकत, मोहिमांवरील सैन्यांना रसद पुरवत. कोणता माल भरायचा, कोणत्या घाटाने न्यायचा, कोणत्या बाजारात उतरवायचा, याचा निर्णय तांड्याचा असे. नफा-तोटाही त्याचाच असे. म्हणजे रूपक त्याच्या कर्त्याने सांगितले त्याहून अधिक अचूक आहे. लागूंच्या कारकिर्दीकडे या दृष्टीने पाहिले, तर तिथे वाहून नेण्याइतकीच निवडही ठळक दिसते. कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून पुण्यात आणि पुढे आफ्रिकेत व्यवसाय करणारा हा माणूस बेचाळिशीच्या उंबरठ्यावर, १९६९ मध्ये, कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'पासून पूर्ण वेळ नट झाला. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमधील हौशी उमेदवारी आणि 'वेड्याचं घर उन्हात' हे त्यामागचे टप्पे होते. स्थिर उत्पन्नाचा माल उतरवून अनिश्चित बाजाराचा माल पाठीवर घेणे, हा हमालाचा निर्णय नव्हे.

या निवडीचे सर्वांत बोलके उदाहरण 'गिधाडे' हे आहे. तेंडुलकरांचे हे नाटक लिहून झाल्यावर काही वर्षे पडून होते. थिएटर युनिटतर्फे १९७० मध्ये लागूंनी ते दिग्दर्शित केले. गर्भपाताच्या प्रसंगात स्त्रीच्या पातळावर दिसणाऱ्या लाल डागाला प्रयोग परीक्षण मंडळाने हरकत घेतली. त्यावर काढलेली तोड मराठी रंगभूमीच्या इतिहासात सुपरिचित आहे : डाग निळा करण्यात आला, आणि प्रयोगापूर्वी प्रेक्षकांना निवेदन करण्यात आले की आक्षेपामुळे हा डाग निळा केला आहे, त्यांनी तो लाल समजावा.

या घटनेकडे किस्सा म्हणून पाहिले जाते. वस्तुतः ती नाट्यचिन्हाच्या सिद्धांताची परीक्षा आहे. शब्दांनी कृती घडते असे मांडणाऱ्या जे. एल. ऑस्टिन यांनी रंगमंचावर नटाने उच्चारलेली उक्ती आपल्या विवेचनातून वगळली होती. तिथे दिलेले वचन कोणालाही बांधत नाही, म्हणून ती त्यांना पोकळ वाटली. 'गिधाडे'च्या निवेदनाने हा भेद अडचणीत आणला. हे निवेदन भूमिकेच्या बाहेरचे होते, म्हणून ऑस्टिन यांच्या अर्थाने ते गंभीर होते. परंतु त्याचा परिणाम भूमिकेच्या आत घडायचा होता. पुढे निळा रंग दिसताच प्रेक्षकाला लाल रंगाबरोबर ज्याने तो पुसला त्या हाताचेही स्मरण होई. मूळ संहितेत नसलेला हा अर्थ प्रयोगाने निर्माण केला. लमाणाने पोचवलेला माल वाटेत वाढला होता. तो कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न 'लमाण'च्या रूपकाला विचारता येत नाही, कारण त्या रूपकात माल निघाला तसाच पोचतो असे गृहीत आहे.

हाच प्रश्न 'नटसम्राट'मध्ये उलट्या बाजूने उभा राहतो. शिरवाडकरांचे हे नाटक दि गोवा हिंदु असोसिएशनने पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या दिग्दर्शनाखाली डिसेंबर १९७० मध्ये रंगमंचावर आणले. गणपतराव बेलवलकर हा निवृत्त नट आपली मिळकत मुलांत वाटून टाकतो, आणि मग त्याच्यापाशी जे उरते ते भूमिकांचे भाषण : दुसऱ्यांनी लिहिलेले, पण पाठांतराने आणि वर्षानुवर्षांच्या उच्चाराने त्याचे झालेले. घरातल्या माणसांशी बोलतानाही त्याच्या तोंडी तीच भाषा येते. बेलवलकर हा गोण्या उतरवल्यावरही ओझ्याखाली वाकलेला लमाण आहे. त्याची शोकांतिका केवळ कृतघ्न अपत्यांची नाही. आयुष्यभर इतरांचा शब्द जगल्यावर स्वतःचे दुःख सांगण्यासाठी स्वतःचे वाक्य नसणे, ही तिची खोल बाजू आहे. ज्या नटाचे नाव या भूमिकेशी कायमचे जोडले गेले त्याने पुढे लेखणी हाती घ्यावी, याचा अर्थ या प्रकाशात लावता येतो. लेखन हा लागूंनी बेलवलकराला दिलेला प्रतिसाद आहे. जे त्या पात्राला जमले नाही, ते, म्हणजे वाहिलेल्या शब्दांचा हिशेब मांडणे, नटाने केले.

'लमाण'चे गद्य हिशेबाच्या चोपडीसारखे आहे, आणि हा त्याचा गुण आहे. त्यात कंपनीकाळच्या आत्मचरित्रांतील रसाळ पाल्हाळ नाही. भूमिका कशी सापडली, कुठे हुकली, संहितेतील कोणती जागा प्रयोगात पेलली नाही, याचा शोध घेताना लागूंमधील शल्यचिकित्सक जागा असतो. 'वाचिक अभिनय' या त्यांच्या छोट्या पुस्तकाची मुळेही इथेच आहेत. ज्याने स्वरयंत्र शरीररचना म्हणून अभ्यासले, त्यानेच उच्चार, विराम आणि आशय यांच्या संबंधाविषयी लिहावे, हा योग आपल्या नाट्यविचारात विरळा आहे. दिदेरोने नटाच्या ठिकाणी उत्कट भावना आणि थंड निरीक्षण यांचा जो विरोध मांडला, तो लागूंच्या लेखनात विरोध म्हणून टिकत नाही. भावनेची नेमकी जागा शोधण्याचे साधन म्हणून निरीक्षण तिथे येते.

तरीही चोपडीत काही पाने कोरी आहेत. लागूंनी शंभराहून अधिक चित्रपटांत कामे केली. 'पिंजरा' (१९७२) आणि 'सामना' या दोन्ही चित्रपटांत त्यांनी मास्तर उभा केला : एक नीतीच्या प्रतिमेखाली चिरडला जाणारा, दुसरा दारूच्या अमलातही एका नाहीशा झालेल्या माणसाविषयी प्रश्न विचारत राहणारा. 'घरोंदा'साठी (१९७७) त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. 'गांधी'मध्ये (१९८२) ते गोखले झाले. हिंदी चित्रपटांतील पुष्कळसे काम मात्र चरितार्थाचे होते. आत्मचरित्राचा तोल स्वाभाविकपणे नाटकाकडे झुकतो. पण लमाण मौल्यवान मालाइतकेच मीठही वाहतो, किंबहुना मिठावरच तांडा जगतो. चरितार्थाच्या अभिनयाची मीमांसा नाटकाच्या तोडीने झाली असती, तर व्यावसायिक नटाच्या जगण्याचे अर्थकारण मराठीत प्रथमच इतक्या स्वच्छपणे लिहिले गेले असते.

दुसरी मर्यादा रूपकाच्या स्वीकारातच आहे. घाटवाटांचा व्यापार रस्त्यांनी आणि रेल्वेने बसला, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानंतर अनेक ठिकाणी बंजारा समाजावर गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला. तांड्याचे अनुभव पुढे आत्माराम राठोड यांच्या 'तांडा'सारख्या पुस्तकातून आतून लिहिले गेले. प्रतिष्ठित मध्यमवर्गीय नटाने 'लमाण' हे नाव घेताना त्यातील भटकंती उचलली. त्या नावाला चिकटलेली अवहेलना त्याला सोसावी लागली नाही. हे नोंदवल्याने पुस्तकाचे मोल कमी होत नाही, परंतु रूपकाचीही मालकी असते, हे ध्यानात येते.

लागूंच्या लेखनाचा एक भाग असा आहे की तिथे नाटककार नाही आणि माल सर्वस्वी त्यांचाच आहे. परमेश्वराला आता निवृत्त करावे, ही त्यांची भूमिका गाजली आणि तिने रोषही ओढवला. डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांच्यासमवेत त्यांनी 'विवेकजागराचा वाद-संवाद' महाराष्ट्रभर केला. लागू देव ही संकल्पनाच नाकारत. दाभोलकर, देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणापुरता आपल्या चळवळीचा विरोध आहे, अशी मांडणी करत. एकाच व्यासपीठावरील हा मतभेद लपवला जात नसे. तोच कार्यक्रमाचा गाभा होता. येथे नटाला संहिता नाही, मुखवटा नाही आणि टाळीची हमी नाही. लेख म्हणून पाहता या गद्यात युक्तिवादाची वळणे थोडी आहेत. ते ऐकवण्यासाठी घडलेले गद्य आहे आणि कागदावर त्याचा काही जोर ओसरतो. मात्र वाक्य आणि त्याची जबाबदारी एकाच माणसावर पडते, हे त्यातून निःसंदिग्धपणे कळते.

लागूंच्या जन्मवर्षीच महाडने शब्द आणि कृती यांच्या संबंधाचा एक धडा घालून दिला. बोले ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर होता. पाणी मात्र बंदच होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यामागून हजारो माणसे चालत तळ्यावर गेली, तेव्हा त्या संहितेला अर्थ आला. या घटनेचे मोल आणि नाट्यप्रयोगाचे मोल एका तराजूत घालता येणार नाही. सारखेपणा आहे तो रचनेपुरता : लिहिलेला शब्द पोचतो तो कोणीतरी देहाने त्याचा भार उचलल्यावर, आणि जो भार उचलतो तो त्या शब्दाचा केवळ वाहक उरत नाही.

ही जाणीव लागूंच्या प्रयोगांत सर्वत्र आहे. त्यांच्या शीर्षकाने ती विनयापोटी झाकली. नटाच्या लेखनाकडे आठवणींची पेटी म्हणून न पाहता प्रयोगाची मीमांसा म्हणून पाहण्याची सवय मराठी समीक्षेला लागली, तर 'लमाण'मधील चोपडीचे बरेच आकडे पुन्हा मांडावे लागतील. त्यातला पहिला, जमेच्या बाजूचा, पातळावरच्या त्या निळ्या डागाचा असेल.